रिजनरेटिव्ह डीई फिल्टर : जलतरण तलाव चालवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

सोसायटी, क्लब, शाळा, हॉटेल किंवा वॉटर पार्कमधल्या तलावाचा प्लांट जे रोज सांभाळतात, त्यांच्यासाठी ही उत्तरे आहेत. आकडे मध्यम ते मोठ्या तलावांना लागू पडणारे आहेत. तुमच्या फिल्टरच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर मॅन्युअलचाच धरा.

हा फिल्टर नेमका कशाने गाळतो?

पावडरने. नळ्यांवरचे कापड पावडर धरून ठेवते, बाकी काही करत नाही. एवढे पक्के लक्षात ठेवले तर पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

डीई म्हणजे डायटोमेशियस अर्थ. डायटम हे पाण्यात वाढणारे एकपेशीय शैवाल. त्याचे कवच सिलिकाचे, म्हणजे काचेच्या जातीचे असते आणि त्यावर जाळीसारखी बारीक छिद्रे असतात. समुद्राच्या आणि सरोवरांच्या तळाशी लाखो वर्षे ही कवचे साचून खडूसारखी पांढरी, हलकी माती तयार झाली. ती खणतात, भाजतात, दळतात आणि प्रतवारी लावून विकतात. (अल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतले, त्यात नायट्रोग्लिसरीन शोषून घ्यायला हीच माती होती. शोषून घेण्याचा गुण तिचा तेव्हापासून प्रसिद्ध आहे.)

हे ओबडधोबड कण एकमेकांवर कसेही आडवेतिडवे बसतात. त्यामुळे थरात सुमारे ८० टक्के पोकळीच असते, पाणी सहज जाते, पण वाट इतकी नागमोडी आणि अरुंद असते की दोन-तीन मायक्रॉनचा कणही तीत अडकतो. वाळूचा फिल्टर काही न मिसळता साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचे कण पकडतो. डोक्याचा केस ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज बांधा.

रिजनरेटिव्ह म्हणजे वॉटर सॉफ्टनरसारखे? मीठ घालायचे का?

नाही. सॉफ्टनरमध्ये रासायनिक अदलाबदल होते आणि धरलेले कॅल्शियम ड्रेनने बाहेर जाते. इथे रसायन काही नाही आणि बाहेरही काही जात नाही. नळ्यांवरचा थर झटकून पाडायचा, टाकीतल्या पाण्यात ढवळून निघू द्यायचा आणि तोच पुन्हा नळ्यांवर बसवायचा. पावडर तीच, घाणही तीच, मांडणी फक्त नवी.

टाकीच्या आत असते तरी काय?

वरच्या बाजूला एक आडवी जाड प्लेट, ट्यूबशीट. तिला शेकडो लवचिक नळ्या लोंबकळत असतात. प्रत्येक नळीत आत स्टेनलेस स्टीलची स्प्रिंग किंवा जाळीदार सांगाडा आणि वरून पॉलिएस्टरचे विणलेले कापड, बुटाच्या जाड नाडीसारखे. नळीचे खालचे टोक बंद असते. पाणी टाकीत खालून शिरते, नळीच्या बाहेरून आत जाते, आतून वर चढते आणि ट्यूबशीटच्या वरच्या कप्प्यातून बाहेर पडते. ट्यूबशीट वर-खाली हलवायला टाकीच्या डोक्यावर न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा, सिलिंडर असतो, त्याला छोटा कॉम्प्रेसर. शिवाय दोन प्रेशर गेज, प्रीकोट (नळ्यांवर पावडरचा थर बसवणे) करायचा व्हॉल्व्ह, ड्रेन, हवा काढायचा व्हॉल्व्ह आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यावर साइट ग्लास, म्हणजे पाणी पाहायची काच. तुमच्याकडे साइट ग्लास नसेल तर आधी तो बसवून घ्या. प्रीकोट झाला की नाही हे डोळ्यांनी दिसणारी ती एकच जागा आहे.

नळ्या इतक्या कशाला, हे हिशेबाने कळते. २५ मिलिमीटर जाड आणि १ मीटर लांब नळीचे क्षेत्रफळ फक्त ०.०७८ चौरस मीटर भरते. ४० चौरस मीटर हवे असेल तर पाचशेहून जास्त नळ्या लागतात, आणि तरीही त्या सव्वा मीटर व्यासाच्या टाकीत मावतात. जागा वाचते ती अशी.

आमच्या तलावाला किती मोठा फिल्टर आणि किती पावडर लागेल?

२५ × १२.५ मीटरचा, सरासरी १.५ मीटर खोल तलाव घेऊ. पाणी सुमारे ४७० घनमीटर. चार तासांत सगळे पाणी एकदा फिरायचे तर ताशी ११८ घनमीटर. या फिल्टरमध्ये दर चौरस मीटरमधून ताशी ३ घनमीटर पाणी न्यावे, फार तर साडेतीन. म्हणजे ४० चौरस मीटर.

डीई पावडर दर चौरस मीटरला अर्धा किलो : एकूण २० किलो. डीईऐवजी परलाइट (फुलवलेल्या ज्वालामुखी काचेची पावडर) वापरत असाल तर वजनाने निम्मे, म्हणजे १० किलो. परलाइट हलके असते, त्यामुळे तेवढ्या वजनात थर तेवढाच जाड बसतो. डीईच्या सवयीने परलाइटही २० किलो ओतले की नळ्यांमधल्या फटी बुजून जातात. ही चूक पावडर बदलताना हमखास होते, म्हणून पोत्यावर मार्करने मोठ्या अक्षरात मात्रा लिहून ठेवावी.

अर्धा किलोचा थर ओला झाल्यावर दीड-दोन मिलिमीटर जाड असतो. तेवढा पुरतो.

कमी किंवा जास्त पावडर टाकली तर काय बिघडते?

कमी टाकली तर काही ठिकाणी कापड उघडे राहते. घाण थेट कापडात रुतते आणि ती बंप करून, म्हणजे नळ्या झटकून, निघत नाही. सुरुवातीला प्रेशर छान कमी दिसतो, ऑपरेटर खूश असतो, आणि दोन-तीन महिन्यांनी ताजी पावडर टाकूनही प्रेशर चढाच राहू लागतो. पैसे वाचवायला पाच किलो कमी टाकलेली पावडर अशी नळ्यांचा पूर्ण सेट बदलायला लावते.

जास्त टाकली तर शेजारच्या नळ्यांवरचे थर एकमेकांना चिकटतात. मधली जागा गेली की गाळणारे क्षेत्रफळही गेले. बंपच्या वेळी हे चिकटलेले जुडगे झटकले जात नाही, नळ्या वाकतात, कापड स्प्रिंगवर घासून फाटते.

प्रीकोट कसा करायचा?

आधी टाकी स्वच्छ पाण्याने भरा आणि वरचा हवेचा व्हॉल्व्ह उघडून सगळी हवा जाऊ द्या. टाकीत हवेचा कप्पा राहिला तर नळ्यांच्या वरच्या भागावर थर बसतच नाही.

मग तलावाकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद, प्रीकोट व्हॉल्व्ह उघडा. आता फिल्टरमधून निघालेले पाणी तलावात न जाता परत पंपाच्या सक्शनला येते. पावडर पाण्यात कालवून, एका किलोला दहा-पंधरा लिटर पाणी या हिशेबाने, सक्शनच्या बाजूच्या फनेलमधून किंवा मिक्सिंग टाकीतून सोडा. मोठ्या युनिटला व्हॅक्यूमने पोत्यातून थेट ओढायची सोय असते. ती असेल तर तीच वापरा, धूळ उडत नाही.

पंपाचा वेग फार कमी ठेवू नका. दर चौरस मीटरमधून ताशी अडीच घनमीटरच्या खाली गेलात तर पावडर तरंगत न राहता तळाशी बसते आणि नळ्यांच्या खालच्या टोकाला जाड, वरती पातळ असा थर होतो.

साइट ग्लासमध्ये आधी ताकासारखे पाणी दिसेल. कापडाची छिद्रे पावडरच्या बारीक कणांपेक्षा मोठी असल्याने पहिल्या मिनिटात थोडी पावडर आरपार जाते. मग कण छिद्रांवर एकमेकांना टेकून कमानी करतात आणि गळती थांबते. साधारण तीन ते पाच मिनिटांत काच नितळ होते. नितळ झाल्यावरही एक मिनिट थांबा. मग तलावाचा व्हॉल्व्ह आधी उघडा आणि नंतरच प्रीकोट व्हॉल्व्ह बंद करा, तोही सावकाश. उलट क्रमाने केले तर प्रवाह क्षणभर तुटतो आणि थर ढासळतो.

बंप केल्यावर घाण जाते कुठे?

कुठेच जात नाही. हेच पुष्कळांना पटत नाही, म्हणून जरा सविस्तर.

थर दीड-दोन मिलिमीटर जाड असला तरी घाण त्याच्या अगदी बाहेरच्या पापुद्र्यावर साचते. तो पापुद्रा चिकट आणि घट्ट होत जातो, प्रेशर चढतो, पण आतली नव्वद टक्के पावडर अजून कोरीच असते. जुन्या पद्धतीचा डीई फिल्टर असता तर ही कोरी पावडरही घाणीबरोबर गटारात गेली असती.

बंपमध्ये पंप थांबतो, व्हॉल्व्ह बंद होतात आणि सिलिंडर ट्यूबशीटला झटके देतो. नळ्या हिसकल्या जातात, थर तुकड्यातुकड्यांनी गळून पाण्यात विरघळल्यासारखा ढवळला जातो. पुन्हा प्रीकोट केला की घाणीचे कण पावडरच्या कणांमध्ये विखरून बसतात. बंद पापुद्रा राहत नाही, पाण्याला नव्या वाटा मिळतात. पोह्यांवर वरून ओतलेले तिखट एका जागी गोळा होते आणि परतल्यावर सगळीकडे पांगते, तसेच. तिखट कमी झालेले नसते.

म्हणून प्रत्येक बंपनंतरचा प्रेशर आदल्या वेळेपेक्षा किंचित जास्त असतो. पावडरमध्ये पांगायला जागा उरली नाही की बंपचा उपयोग संपला.

बंप कधी करायचा आणि पावडर कधी बदलायची?

दोन्ही गेजमधला फरक पाहा. एकट्या इनलेट गेजवर विसंबू नका. ताज्या पावडरवर फरक समजा ०.३ किलो आहे (किलो म्हणजे आपले नेहमीचे किलो प्रति चौरस सेंटिमीटर). तो ०.५ ते ०.७ किलोने वाढला की बंप करायलाच हवा.

पण तेवढी वाट पाहू नका. रोज रात्री तलाव बंद झाल्यावर एक बंप करून टाका, प्रेशर चढलेला असो वा नसो. घाणीचा पापुद्रा जितका वेळ दाबाखाली राहतो तितका तो आवळत जातो. रोज झटकलेली पावडर आठवड्यातून एकदा झटकलेल्या पावडरपेक्षा जास्त दिवस चालते. बहुतेक कंट्रोलरमध्ये वेळ लावून देता येते.

पावडर बदलायची वेळ वहीवरून कळते. रोज बंपच्या आधीचा फरक, नंतरचा फरक आणि फ्लोमीटरचा आकडा असे तीन रकाने पुरतात. बंपनंतरचा फरक ०.३, ०.३५, ०.४ असा हळूहळू चढतो. मग एके दिवशी बंप करूनही काही तासांत पुन्हा वर जातो. तेव्हा बदला. गर्दीच्या तलावाला तीन-चार आठवडे, हलक्या वापराच्या तलावाला त्याहून बरेच जास्त. एप्रिल-मेच्या सुट्टीत आणि उन्हाळी शिबिरांत निम्म्या वेळात बदलावी लागली तर त्यात नवल नाही.

फ्लोमीटर का, तर पंपापुढचा केस-कचरा अडवणारा गाळणा तुंबला की प्रवाह कमी होतो आणि फरकही कमी दिसतो. गेज म्हणतो सगळे ठीक, तलाव मात्र गढूळ.

पावडर बदलायची पद्धत?

काढण्याआधी दोनदा बंप करा, म्हणजे नळ्यांना चिकटलेली पावडर सुटते. पंप बंद, गेज शून्यावर, हवेचा व्हॉल्व्ह उघडा. त्याशिवाय टाकीच्या झाकणाला किंवा ड्रेनला हात लावायचा नाही. गढूळ पाणी सेटलिंग टाकीत सोडा. टाकी पुन्हा भरून, एक बंप देऊन, पुन्हा रिकामी करा. दुसऱ्या वेळचे पाणी बऱ्यापैकी स्वच्छ निघायला हवे. अजून दाट निघत असेल तर तिसऱ्यांदा. मगच नवी पावडर. जुनी अर्धी शिल्लक ठेवून वरून नवी पूर्ण मात्रा टाकली की वर सांगितलेला जास्तीचा त्रास सुरू होतो.

मधेच वीज गेली तर?

थर पडतो. तो नळीला डकवलेला नसतो, वाहत्या पाण्याच्या दाबावर टिकून असतो. पंप थांबला की काही मिनिटांत पावडर आणि घाण खाली.

खरा घोळ वीज आल्यावर होतो. पंप आपोआप सुरू झाला आणि व्हॉल्व्ह तलावाच्या बाजूला उघडाच राहिला, तर पडलेली पावडर आणि साठलेली घाण पहिल्या मिनिटात थेट तलावात जाते. दिवसातून तीन-चार वेळा लाइट जाणाऱ्या गावात हाच प्रश्न सगळ्यात मोठा. उपाय असा : तलावाकडचा व्हॉल्व्ह वीज गेल्यावर स्प्रिंगने आपोआप बंद होणारा घ्या, कंट्रोलरला छोटा यूपीएस द्या आणि वीज आल्यावर आधी प्रीकोट, मग तलाव हाच क्रम त्यात बसवून घ्या. सगळे हाताने चालवत असाल तर पंपाचा स्टार्टर स्वतःहून सुरू होणारा नको. माणसाने येऊन, व्हॉल्व्ह फिरवून, मगच बटण दाबायचे.

पंप टायमरवर रोज बंद-चालू करण्याची सवय सँड फिल्टरला चालते, इथे नाही. रात्री वेग कमी करा, बंद करू नका.

तलावाच्या तळाशी पांढरी पावडर दिसते. डीई आहे का चुना?

चिमूटभर वाटीत घ्या आणि व्हिनेगर किंवा लिंबू पिळा. फसफसून विरघळली तर कॅल्शियम, म्हणजे दोष पाण्याच्या कडकपणाचा किंवा पीएचचा. बोअरवेलच्या पाण्यावर हे नेहमीचे. काहीच झाले नाही तर फिल्टरची पावडर.

फिल्टरचीच असेल तर कधी येते ते पाहा. फक्त पंप सुरू केल्यावर किंवा बंपनंतर येत असेल तर प्रीकोटची वेळ कमी पडते आहे, वाढवा. सतत येत असेल तर नळी फाटली आहे, नळीच्या माथ्याची ओ-रिंग गेली आहे किंवा ट्यूबशीटचे गॅस्केट गळते आहे. टाकी उघडल्यावर ट्यूबशीटच्या वरच्या, म्हणजे स्वच्छ बाजूला पाहा : जिथे पांढरा ढीग, त्याच्याखालची नळी दोषी. एखादीच नळी गेली असेल आणि सुटा भाग हाताशी नसेल तर तिचे तोंड प्लगने बंद करून चालवता येते. पाचशेतली एक कमी झाली तर फरक पडत नाही.

नवी पावडर टाकून दोन दिवसांत प्रेशर चढला. का?

बहुतेक वेळा तेल. डोक्याला खोबरेल चोपडून थेट पाण्यात उतरणारी मंडळी आणि अंगाला लावलेले सनस्क्रीन. तेल पावडरच्या पोकळीत शिरून थर मेणचट करते आणि असा थर ढवळूनही सुटा होत नाही. साइट ग्लासच्या काचेवर बोट फिरवून ओशट लागले तर शंका उरत नाही. आंघोळ करूनच पाण्यात उतरायचा नियम इथे शिस्तीपेक्षा पावडरच्या खर्चासाठी आहे.

तेल नसेल तर शैवाल. हिरवा झालेला तलाव क्लोरीनचा शॉक देऊन मारला की मेलेले शैवाल एका दिवसात फिल्टर बुजवते. अशा वेळी आधी तळाचा गाळ व्हॅक्यूमने थेट ड्रेनला काढा, फिल्टरमधून नेऊ नका.

तिसरे कारण, बोअरच्या पाण्यातले लोह. क्लोरीन लागताच ते गंजासारखे बाहेर पडते आणि थर तांबूस होतो. चौथे, पावडरची प्रत फार बारीक. दुकानदाराने 'तीच आहे' म्हणून दिलेली वेगळी पावडर हे कारण वाटते त्यापेक्षा जास्त वेळा निघते.

पाणी चमकावे म्हणून तुरटी टाकू का?

टाकू नका. सँड फिल्टरला तुरटी किंवा पीएसी (पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड, तुरटीसारखेच गाळ धरणारे रसायन) मदत करते, कारण वाळूला मोठे कण लागतात. इथे तिचा जेलीसारखा चिखल पावडरच्या थरावर बसून तो सील करतो. क्लॅरिफायर म्हणून विकले जाणारे पॉलिमरही तसेच, वर ते कापडाला चिकटतात. डीईच्या थरातून गेलेल्या पाण्याला या मदतीची गरजच नसते. गढूळ असेल तर दोष शोधा.

नळ्यांचे कापड धुवायचे कसे?

वर्षातून एकदा, किंवा ताज्या पावडरवरचा प्रेशर नव्या फिल्टरच्या आकड्यापेक्षा चढा राहू लागला की. क्रम महत्त्वाचा : आधी तेल काढायचे, मग क्षार. ट्रायसोडियम फॉस्फेट किंवा फिल्टर क्लीनरच्या द्रावणात रात्रभर भिजवून भरपूर पाण्याने धुवा. नंतर ५ टक्के सायट्रिक किंवा सल्फॅमिक अ‍ॅसिड, लिटरला ५० ग्रॅम, बुडबुडे थांबेपर्यंत. उलटे केले तर अ‍ॅसिडने तेल कापडात घट्ट बसते आणि मग काही केल्या निघत नाही.

हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड स्टेनलेसच्या स्प्रिंगला खाते, ते टाळा. आणि क्लोरीनचे कुठलेही रसायन जवळपास असताना अ‍ॅसिड उघडू नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू निघतो आणि प्लांट रूम बहुधा तळघरात असते.

पाणी खरेच इतके वाचते का?

हो, पण एक मेख आहे. वरच्याच तलावाला सँड फिल्टर असता तर १.६ मीटर व्यासाचे दोन लागले असते. दोन्हींचे पाच मिनिटांचे बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने वाळू धुणे) म्हणजे सुमारे १२,००० लिटर, एका मोठ्या टँकरहून जास्त. आठवड्यातून दोनदा केले तर महिन्याला लाखभर लिटर. रिजनरेटिव्ह फिल्टर महिन्यातून एकदा दोन वेळा रिकामा केला तरी जेमतेम चार हजार लिटर जातात.

मेख अशी, की बॅकवॉशच्या निमित्ताने तलावात नवे पाणी येत होते. ते थांबले की विरघळलेले क्षार, क्लोराइड, सायन्यूरिक अ‍ॅसिड (क्लोरीन उन्हात टिकवणारे रसायन), घाम-लघवीतून येणारे युरिया सगळे साचत जाते. पाणी आरशासारखे दिसते आणि डोळे मात्र चुरचुरतात. युरोपातल्या मार्गदर्शक नियमांत दर पोहणाऱ्यामागे ३० लिटर नवे पाणी द्यावे असे सांगितले आहे. तेवढे जमत नसेल तरी टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण) आणि सायन्यूरिक अ‍ॅसिड मोजून, ठरवून पाणी बदला. वाचलेल्या पाण्यातले थोडे तलावाचे देणे आहे असे समजा.

एवढे बारीक गाळल्यावर क्लोरीन कशाला?

जिवाणू अर्धा ते दोन मायक्रॉनचे, विषाणू त्याहून कितीतरी लहान. त्यांच्यासाठी क्लोरीन लागतेच.

फिल्टरची कमाई वेगळ्या ठिकाणी आहे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाब करणारा परजीवी ४ ते ६ मायक्रॉनच्या कवचात असतो आणि १ पीपीएम क्लोरीनमध्ये दहा दिवसांहून जास्त तग धरतो. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून त्याने सुमारे चार लाख माणसे आजारी पाडली. क्लोरीन ज्याला मारत नाही तो कण वाळूतून निसटतो, पण डीईच्या थरात अडकतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने डीई फिल्टर वापरात आणले तेही अशाच कारणाने : आमांशाच्या अमिबाची कोष्ठे क्लोरीनला दाद देत नव्हती.

डीई घ्यावी की परलाइट?

परलाइट म्हणजे ज्वालामुखीची काच तापवून लाह्यांसारखी फुलवलेली. हलकी, धुळीचा धोका कमी, विल्हेवाट सोपी. मोठ्या तलावांचा कल आता तिकडे आहे. गाळण्याची बारकाई डीईची किंचित सरस. फिल्टर ज्या पावडरसाठी तपासून दिला आहे ती चालू ठेवणे बरे. मिसळू नका.

शेतीच्या दुकानात धान्यातल्या किडींसाठी डीई मिळते, ती चालेल?

नाही. ती न भाजलेली आणि फार बारीक असते, थर घट्ट बसून पाणीच जात नाही. उलटही करू नका : फिल्टरची भाजलेली पावडर धान्यात किंवा जनावरांच्या खाद्यात कधीही नाही.

पावडर अंगाला घातक आहे का?

ओली असताना नाही. कोरडी धूळ श्वासातून जाणे वाईट. मूळ मातीतली सिलिका स्फटिकरूप नसते, पण सोडा घालून भाजताना तिचा बराच भाग क्रिस्टोबलाइट नावाच्या स्फटिकात बदलतो. श्वासातून जाणाऱ्या स्फटिक सिलिकेला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे. तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही. एन-९५ किंवा वरच्या दर्जाचा मास्क, गॉगल आणि पोते पाण्याजवळ धरून सावकाश उघडणे. सांडलेली पावडर झाडूने झाडू नका, पाणी मारून पुसून घ्या.

वापरलेली पावडर गटारात सोडली तर चालते का?

आडव्या पाइपमध्ये ती बसते आणि घट्ट होते, मग प्लंबर बोलवावा लागतो. दोन कप्प्यांची सेटलिंग टाकी किंवा गाळण्याची पिशवी ठेवा, वरचे पाणी ड्रेनला, खालचा गाळ सुकण्याआधी ओलसर असतानाच पिशवीत भरून घनकचऱ्यात. पूर्ण सुकला की पुन्हा धूळ.

बिअर, तेल, फळांचा रस यांना हाच फिल्टर चालतो का?

पावडर तीच, वागणूक वेगळी. बिअरमध्ये यीस्ट इतके असते की नुसता प्रीकोट काही मिनिटांत बुजेल. म्हणून वाहत्या बिअरमध्येच सतत थोडी थोडी पावडर सोडत राहतात, दर १०० लिटरला साधारण १०० ते २०० ग्रॅम. थर वाढत जातो, जागा भरली की सगळा काढून टाकतात. तिथे झटकून परत वापरणे नाही, कारण त्या थरात अडकलेले यीस्ट पुन्हा ढवळून बिअरच्या संपर्कात आणायचे नसते. खाद्यतेल आणि रसाचेही तसेच.

झटकून पुन्हा वापरण्याची युक्ती जिथे द्रव तोच फिरत राहतो आणि घाण थोडी थोडी येते तिथेच शोभते. तलावाआधी ती ड्रायक्लीनिंगच्या यंत्रांत रुळलेली होती : परक्लोरोइथिलीन गाळायला अशाच लवचिक नळ्या, अशीच पावडर, असाच बंप.

बंगल्याच्या छोट्या तलावाच्या फिल्टरला वर हँडल आहे. ते कशाला?

तोच बंप, हाताने. पंप बंद करा, गेज शून्यावर येऊ द्या, हँडल सावकाश खाली आणि झटक्याने वर, असे तीन-चार वेळा. मिनिटभर थांबून पुन्हा तसेच. पंप चालू असताना हँडल ओढलेत तर नळ्या तुटतात. पावडर कालवून स्किमरमधून, म्हणजे तलावाच्या काठावरचे पाणी ओढून घेणाऱ्या तोंडातून, सोडायची. सुरुवातीला तलावात थोडा पांढरा ढग येतो, तो पुढच्या फेऱ्यांत गाळला जातो.

तलाव महिनाभर बंद ठेवायचा आहे. पावडर तशीच राहू द्यावी?

नको. साचलेल्या पाण्यात ती घाणीसकट कुजते, वास येतो आणि तळाशी बसून दगडासारखी होते. पावडर काढा, टाकी दोनदा धुवा, ड्रेन आणि हवेचा व्हॉल्व्ह उघडे ठेवा म्हणजे नळ्या वाळतील. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणीही काढा, पावसाळ्यात विशेषतः; ते सिलिंडरमध्ये गेले की सील फुगतात आणि सुरू करण्याच्या दिवशी ट्यूबशीट जागची हलत नाही. पावडरची उघडी पोती जमिनीवर ठेवू नका, लाकडी फळीवर, प्लास्टिकमध्ये बांधून. ओल लागून गठ्ठे झालेली पावडर ढवळूनही सुटी होत नाही, ती टाकून द्यायची.